जून महिन्यातली पाहणी

मुरबे आणि आसपासच्या किनाऱ्यावरच्या गावांची सामाजिक-आर्थिक पाहणी करायला आम्ही जून महिन्यात गेलो होतो. पाहणीचा तक्ता मी आखला होता, प्रश्न मी लिहिले होते आणि अहवालातलं उपजीविकेचं प्रकरणही माझ्याच हातचं होतं. त्यात जे चुकलं ते माझं चुकलं. बरोबरची मुलं नवखी होती, मी सांगितलं तसं त्यांनी भरलं. किनाऱ्यावर एक प्रकल्प यायचा होता, त्याच्यासाठी ही पाहणी होती, तो पुढे कागदावरच राहिला. आज मुरब्याला ज्या बंदराची चर्चा आहे त्याच्याशी त्या पाहणीचा काही संबंध नव्हता, हे आधीच सांगते. पण २०२५ च्या ऑक्टोबरात या बंदराची जनसुनावणी झाली आणि मी ते जुने कागद कपाटातून काढले. तेव्हापासून ते टेबलावरच आहेत.

जूनच का निवडला? मासेमारीबंदीमुळे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. एरवी डोल किंवा दालदी जाळं घेऊन समुद्रात गेलेला माणूस कधी सापडेल याचा भरवसा नसतो, बंदीच्या दिवसांत मात्र पुरुष घरी असतात. घरोघर फिरायला हाच काळ सोयीचा, असं मी पाहणी करणाऱ्या आमच्या संस्थेला लिहून कळवलं आणि माझ्या नियोजनाचं कौतुकही झालं. हवेचे आणि पाण्याचे नमुने पावसाळा वगळून घ्यायचे असा प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासांचा दंडक आहे, कारण पावसाळ्यात खरं चित्र दिसत नाही. तो दंडक मला तोंडपाठ होता. माणसांच्या बाबतीतही पावसाळ्यात खरं चित्र दिसणार नाही, हे काही सुचलं नाही.

आम्ही गेलो तेव्हा होड्या वर ओढून शाकारलेल्या होत्या. माणसं पडवीत बसून जाळी विणत होती. बोंबील सुकवायचे बांबू काढून घरामागे रचून ठेवलेले. किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा. मी वहीत टिपण केलं आणि अहवालात वाक्य गेलं: किनाऱ्यालगतची जागा मोकळी असून बहुतांशी वापरात नाही. तलाठ्याच्या दफ्तरातही ती जागा सरकारीच होती, त्यामुळे वाक्याला आधारही मिळाला. जिथे ऑक्टोबरपासून मेपर्यंत गावाचं निम्मं उत्पन्न उन्हात पडलेलं असतं ती जागा मी दोन कागद जुळवून रिकामी ठरवली.

त्या पाहणीतलं एक घर मला लख्ख आठवतं. पडवीच्या एका बाजूला घरधनी जाळ्याची फाटलेली बाजू पायाच्या अंगठ्यात अडकवून सांधत होते. दुसऱ्या बाजूला त्यांची बायको, साठीच्या घरातली, सुक्या बोंबलांच्या गोणीपुढे बसलेली. ती एकेक बोंबील उचलायची आणि दोन्ही टोकांना धरून जरा वाकवायची. काडकन मोडेलसा वाटला तर चांगला, लवला तर ओल लागली. ओल लागलेले सुपात पडत, चांगले शंभराच्या हिशेबाने वेगळे. पातळ, पिवळट आणखी एका बाजूला. हात चालूच होते आणि आमच्याकडे बघत ती उत्तरंही देत होती. घरात माणसं किती, शाळेत कोण जातं, वीज आहे का, संडास आहे का.

कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय: मासेमारी. होडीत वाटा किती, हंगामात हाती काय येतं, कर्ज कुणाचं, सगळं त्यांनी सांगितलं. मग 'पत्नी' हा रकाना. त्यात चार पर्याय होते: गृहिणी, नोकरी, शेतमजुरी, इतर. आमच्या मुलाने 'गृहिणी'वर खूण केली. मी शेजारीच उभी होते. खूण होताना बघितली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

बोंबील निवडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, हे दोन महिने घर कशावर चालतं ते नाय विचारायचं?"

"पुढे आहे मावशी तो प्रश्न," मी म्हटलं.

पुढचा प्रश्न विजेच्या मीटरबद्दल होता. तसा प्रश्न अख्ख्या तक्त्यात कुठेच नव्हता. मावशींना बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले, हे तेव्हा मला खोटं वाटलंही नाही.

आता हे सरळ मांडते. बंदीच्या दोन महिन्यांत ताजी मासळी जवळजवळ मिळत नाही. त्यामुळे सुक्या मासळीला भाव येतो. बोंबील, जवळा, सुकट, करंदी, वाकट्या, जे काही बायकांनी हिवाळ्या-उन्हाळ्यात सुकवून, कावळ्या-कुत्र्यांपासून राखून, डब्यात आणि गोणीत भरून ठेवलेलं असतं ते बोईसर-पालघरच्या बाजारात, आठवडी बाजारात, गाडीने मुंबईकडे जातं. शाळा उघडते ती याच दिवसांत. वह्या-दप्तरं, छपराची शाकारणी, जाळ्याचा दोरा, सगळं या पैशावर होतं. वर्षातले हे दोन महिने असे असतात की किनाऱ्यावरची कितीतरी घरं पूर्णपणे बायकांच्या कमाईवर उभी असतात. मी नेमके तेच दोन महिने निवडले आणि त्यांच्या कमाईच्या रकान्यात शून्य भरलं.

बाकीच्या कामाची तर बातच नको. खाडीच्या चिखलात उतरून निवट्या, खुबे, कालवं, चिंबोऱ्या धरून आणणाऱ्या बायकांत कोळी-मांगेला घरांतल्याही होत्या आणि आदिवासी पाड्यांवरच्याही. त्यांची ना होडी, ना परवाना, ना सोसायटीच्या काट्यावर नोंद. मासळीचं उत्पादन मी सोसायट्यांच्या पावत्यांवरून काढलं, त्यामुळे पापलेटचा आकडा बऱ्यापैकी खरा आला. पापलेट मोठा मानाचा मासा, सरकारने २०२३ मध्ये त्याला राज्यमासा केलंय. पण रोजच्या जेवणाचा आणि बायकांच्या धंद्याचा मासा बोंबील, मांदेली आणि जवळा. तो किनाऱ्यावरच टोपल्यांनी विकला जातो. माझ्या अहवालात तो कुठेच नाही.

खलाशी सुटले ते वेगळ्याच कारणाने. या किनाऱ्यावरच्या होड्यांवर डहाणू-तलासरी भागातले आदिवासी तरुण मोठ्या संख्येने असतात. होड्या वर काढल्या की ते आपापल्या पाड्यावर भात लावायला जातात. आम्ही दारोदार फिरलो ती दारं होडीमालकांची आणि वाटेकऱ्यांची होती. ज्यांच्या अंगमेहनतीवर होडी चालते ते त्या महिन्यात गावात नव्हतेच, म्हणून ते अहवालातही नव्हते. प्रकल्पाने मासेमारी आटली असती तर पहिला फटका त्यांना बसला असता, आणि ते बाधितांच्या यादीत नाहीत असं कुणी म्हटलं असतं तर माझा तक्ता पुरावा म्हणून पुढे आला असता.

हे सगळं मला का दिसलं नाही याचा मी बराच विचार केलाय. घाईचं कारण पुरेसं नाही. खरं कारण माझ्या घरात आहे. वडील तारापूर एमआयडीसीत होते. बोईसरला आमची चाळ, सकाळच्या पाळीचा भोंगा, महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, पुढच्या काही वर्षांत औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि हजारावर कारखाने आले. खेड्यापाड्यांतून, पुढे उत्तर भारतातून माणसं कामाला आली. आमच्यासारख्या कुटुंबांना त्या वसाहतीने वर काढलं, हे मी कधीही नाकारणार नाही. माझी पदवी त्या पगारातून झाली. पण त्याबरोबर एक समजूत माझ्या अंगात मुरली: हजेरीपटावर नाव असेल तेच काम. ज्याची पगारपावती निघत नाही ते घरकाम, हातभार, जोडधंदा, काहीही म्हणा, काम नव्हे.

याच वसाहतीचं सांडपाणी नवापूरच्या बाजूने समुद्रात जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले आणि देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत ते पहिलं आलं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली. २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखाने आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र मिळून सुमारे १६० कोटींची भरपाई लावली. लहानपणी नवापूर-दांडीकडून येणाऱ्या मासळीवाल्या बायका म्हणायच्या की मासळीला औषधाचा वास येतो. आई म्हणायची, भाव कमी करायला आपणच असं म्हणायचं तर या स्वतःच म्हणताहेत. मी पाहणीला गेले तेव्हा ही आठवण माझ्यापाशी होती. तरी कागदावर प्रकल्पाने दिलेला रोजगारनिर्मितीचा आकडा मी जसाच्या तसा उतरवला. कुठली कामं, किती वर्षांची, कंत्राटी की कायम, गावातल्या किती जणांना, असला एकही प्रश्न विचारला नाही. एका बाजूला कंपनीचा ठसठशीत आकडा, दुसऱ्या बाजूला 'गृहिणी' आणि 'वापरात नसलेली जागा'. अशा तक्त्यावरून निर्णय घ्यायला बसलेल्या माणसाने दुसरं काय ठरवावं?

नकाशावर आम्ही प्रकल्पाच्या जागेभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं होतं, तशी पद्धतच आहे. वर्तुळाच्या आतल्या जमिनीवरची गावं, शाळा, विहिरी, देवळं नीट दाखवली. समुद्राचा भाग निळा रंगवून सोडून दिला. त्या निळ्या भागात डोल जाळ्यांच्या कवी, म्हणजे जाळी बांधायला समुद्रात रोवलेले खुंट, आहेत. कुठल्या गावाने कुठे कव मारायची, याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे संकेत आहेत, त्यावरून पालघर आणि वसई-उत्तनच्या मच्छीमारांत वर्षानुवर्षं वादही चालू आहे. म्हणजे जमिनीच्या बांधावरून होतात तशी भांडणं पाण्यातल्या हद्दीवरून होतात, इतकी ती हद्द जिवंत आहे. तिला सातबारा नाही एवढंच. गावातल्या कुठल्याही जुन्या तांडेलाने अर्ध्या तासात कागदावर ठिपके मारून दिले असते. मी कुणालाच विचारलं नाही.

इथपर्यंतच्या चुका अज्ञानाच्या म्हणता येतील. पुढची तशी नाही.

त्याच वर्षी हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने मी त्या बाजूला गेले. जी जागा मी मोकळी म्हटली होती ती पाऊल ठेवायला मोकळी नव्हती. बांबूच्या उभ्या-आडव्या मांडवांवर बोंबलांच्या रांगा, जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगलेल्या, वाऱ्यावर हलणाऱ्या. खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला, बायका खराट्याने तो उलटा करत होत्या. मला तिथल्या तिथे कळलं की अहवालातलं वाक्य चूक आहे. नुसतं अपुरं नव्हे, चूक. अहवाल तेव्हा सादर झालेला होता, पण पुढची प्रक्रिया बाकी होती. एक पत्र लिहून दुरुस्ती मागता आली असती. संस्थेतल्या वरिष्ठांना मी फोन केला. त्यांनी विचारलं, तुमच्या पाहणीवर तुमचाच विश्वास नाही का? मी म्हटलं, तसं नाही. आणि फोन ठेवला. पुढचं काम मिळायचं होतं, भावाची फी भरायची होती. कारणं खरी होती. पत्र मी लिहिलं नाही.

तो प्रकल्प बारगळला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. कुणाचं नुकसान झालं नाही, विषय संपला, असं मी स्वतःला सांगितलं. काही वर्षांनी दुसऱ्याच एका कामासाठी या किनाऱ्यावरचे जुने अभ्यास चाळताना एका कागदात माझा तक्ता भेटला. दुय्यम माहिती म्हणून उतरवलेला, स्त्रियांच्या कामाचं प्रमाण आणि किनाऱ्याचा वापर, दोन्ही माझ्याच आकड्यांवर. प्रकल्प मेला तरी आकडा मेला नव्हता. पुन्हा मोजायला पैसे आणि वेळ लागतो, उतरवून घ्यायला काही लागत नाही.

असा कोरा रकाना पुढे काय करतो हे आपल्या राज्यात अनेकदा दिसलंय. उरणला जेएनपीटी बंदरासाठी १९८० च्या दशकात उठवलेल्या हनुमान कोळीवाड्यातली माणसं वाळवीने पोखरलेल्या घरांत राहून नव्या जागेसाठी अजून झगडताहेत. आमच्याच पट्ट्यात अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत मच्छीमार आणि नावाडी स्पष्टपणे आहेत. पण तो कायदा जमीन संपादित झाली तर लागू होतो. समुद्रात भराव टाकून जमीन तयार केली तर संपादन कशाचं? ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात एका मच्छीमार संस्थेने दाद मागितली, तेव्हा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्याला मच्छीमारांच्या भरपाईचं धोरण आखायला सांगितलं आणि २०२३ मध्ये ते आलं. चांगली गोष्ट आहे. पण धोरण आलं तरी शेवटी अधिकारी विचारणार: तुम्ही इथे मासे पकडत होतात, सुकवत होतात, विकत होतात, याचा कागद कुठाय? त्या मावशींच्या नावाचा एकच सरकारी वळणाचा कागद कधी तयार झाला होता. त्यावर मी त्यांना गृहिणी केलंय.

बंदरं नकोत असं माझं म्हणणं नाही. देशाचा व्यापार वाढतोय, मोठी जहाजं लागायला खोल पाणी लागतं, हे मला समजतं. पण पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला तेव्हापासून या एका पट्ट्यावर काय काय येतंय ते बघा: बुलेट ट्रेन, मालवाहू रेल्वेमार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग. उत्तरेला डहाणू तालुक्यात वाढवण बंदर, ७६ हजार २२० कोटींचं, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालून. त्याच वाढवणला १९९८ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू प्राधिकरणाने बंदर नाकारलं होतं, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. आणि आता मुरबे, जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चरचं, ४,२५९ कोटींचं. प्रत्येकाचा अभ्यास वेगळा, प्रत्येकाचं वर्तुळ वेगळं. मच्छीमाराची होडी मात्र या सगळ्या वर्तुळांतून जाते. सगळ्यांचा मिळून परिणाम काय, हे मोजायची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी ते आधी मोजावं आणि मग परवानग्या द्याव्यात, हे माझं ठाम मत आहे. सुनावणीत मच्छीमारांनी कडाडून विरोध नोंदवला, तो केवळ भावनेचा आहे असं म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्याकडे असलेली माहिती तरी मागावी.

सुनावणीनंतर मी ते जुने कागद घेऊन किनाऱ्यावरच्या काही बायकांकडे गेले. आधी चूक सांगितली. एक जण भडकली, तिचं बरोबरच होतं. मग आम्ही नवी वही घातली. महिने उभे, कामं आडवी. जूनच्या रकान्यापासून सुरुवात करायची असं त्यांनीच ठरवलं. सुकवलेली मासळी किती डबे, कुणी विकली, कुठे, काय भावाने. ऑक्टोबर ते मे वाळवणाची जागा कोण कुठे वापरतं ते पावलांनी मोजून लिहिलं. खाडीत कुठल्या भागात कालवं, कुठे निवट्या, भरतीची वेळ कशी बदलते, गाळ साचल्यापासून कुठल्या जागा गेल्या. दोन तांडेलांनी कवींचे ठिपके मारून दिले, तिसऱ्याने त्यातले चार खोडून दुसरीकडे मारले, दोन्ही नोंदी आम्ही तशाच ठेवल्यात. या वहीवर माझी सही नाही. ज्या बायकांनी माहिती दिली त्यांच्या सह्या आणि अंगठे आहेत.

ज्या मावशींना मी खोटं सांगितलं होतं त्या आता नाहीत. त्यांच्या सुनेने त्यांची डब्यांची मोजदाद सांगितली, कारण तिला ती सासूबाईंनी तोंडी पाठ करून घेतली होती. तिच्या स्वतःच्या नावापुढे धंदा लिहिताना तिने मला थांबवलं आणि म्हणाली, "सुकी मासळी, घाऊक. घाऊक लिहा." तसं लिहिलं.

खलाशांची पानं अजून कोरी आहेत. भातकापणी उरकली की तलासरीकडच्या पाड्यांवर जायचंय. होडीमालकांकडून नावं घेऊन चालणार नाही, हे आता मला माहीत आहे. हिशेब मालकाचा वेगळा आणि खलाशाचा वेगळा निघतो. तिकडची वारली बोली समजणारी एक मुलगी बरोबर यायला तयार झालीय, तिचा भाऊ होडीवर असतो. प्रश्न काय विचारायचे ते या वेळी तीच लिहिणार आहे.